पाच कुत्री आणि एक शब्द

माझ्या कोल्हापूरच्या माहेरच्या माणसांना एक कोडे अजून सुटलेले नाही. आमच्या सासरच्या वाड्यात पाच कुत्री आहेत, घर अस्सल मराठी आहे, देवघरापासून स्वयंपाकघरापर्यंत सारा व्यवहार मराठीत चालतो. मग त्या पाच कुत्र्यांना हाक मारायची ती तेवढी कानडीत, असे का? मागल्या दिवाळीला माझा भाऊ येऊन गेला. अंगणात उभे राहून मी एकदाच “बा” म्हटले आणि चारी दिशांनी पाच जनावरे धावत येऊन माझ्यासमोर बसली, तेव्हा तो हसून म्हणाला, “ताई, तू तर पुरती कानडी झालीस!” त्याला तेव्हा दिलेले उत्तर अपुरे होते. ते पुरे करण्यासाठी हा लेख.

माझे सासर ठाणाकुशनूर. बीदर जिल्ह्याच्या उत्तर अंगाला, महाराष्ट्राच्या हद्दीपासून फार दूर नसलेले हे गाव. १९४८ पर्यंत ते निजामाच्या राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली तेव्हा म्हैसूर राज्यात गेले आणि १९७३ साली त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. राज्यांची नावे बदलत गेली, माणसे मात्र जिथल्या तिथेच राहिली. त्यामुळे आमच्या वाड्यात तीन भाषा सहज नांदतात. सासूबाई आणि मामंजी मराठी बोलतात, मळ्यावर राबणारे मामा कानडी बोलतात आणि भिंतीला भिंत लागून राहणारे चाचा दखनी बोलतात. माणसांना यात काही अडचण नाही. अडचण झाली ती कुत्र्यांची. पण तिकडे येण्यापूर्वी त्या पाचांची ओळख करून द्यायला हवी.

सगळ्यांत वडील गंगी. गावठी, तांबूस रंगाची, आता बारा वर्षांची. तिचा मुलगा मोत्या, नावाप्रमाणे पांढरा आणि अतिशय खादाड. तिसरा वाघ्या, धनगरांच्या तळावरून आलेला, मेंढ्या राखणाऱ्यांच्या वंशातला, दांडगा आणि अबोल. चौथी डॉली, मुलाने हैदराबादेहून आणलेली झुबकेदार पॉमेरेनियन. आकाराने सगळ्यांत लहान, आवाजाने सगळ्यांत मोठी. आणि पाचवा हरण्या. लांब पाय, आत ओढलेले पोट, निमुळते तोंड. म्हणजे आपल्याकडे ज्याला कारवानी म्हणतात तो कुत्रा.

कोल्हापूरच्या वाचकांना कारवानी कुत्रा नवा नाही. मुधोळ संस्थानच्या घोरपडे घराण्याने ही जात जोपासली. मुधोळचे राजे मालोजीराव यांनी या कुत्र्यांची जोडी बादशहा पंचम जॉर्ज यांस भेट दिली आणि मुधोळ हाउंड हे नाव रूढ झाले. २००५ साली भारतीय टपाल खात्याने चार देशी जातींची तिकिटे काढली, त्यांत ही जात होती. पुढे मीरतच्या लष्करी केंद्रातही या कुत्र्यांना शिकवले गेले. मुधोळजवळ तिम्मापूर येथे या जातीसाठी संशोधन केंद्र आहे आणि ते ज्या पशुवैद्यकीय विद्यापीठाच्या अखत्यारीत चालते त्याचे मुख्य ठाणे आमच्या बीदरला आहे. तेव्हा हरण्या हा एका अर्थी माझ्या माहेरच्या आणि सासरच्या मधला दुवाच म्हणायचा.

या भागात कुत्रा हे जनावर कधी परके मानले गेले नाही. भालकी तालुक्यात खानापूरजवळ मैलार आहे. तिथला मैलार मल्लण्णा म्हणजे आपला खंडोबा, आणि खंडोबाच्या पायाशी कुत्रा असायचाच. त्याचे भक्त स्वतःला देवाचे कुत्रे मानतात, वाघ्या म्हणवून घेतात. हुमनाबादजवळच्या माणिकनगरात दत्तसंप्रदायाची मोठी परंपरा आहे आणि दत्ताच्या भोवती चार कुत्री चार वेदांच्या रूपाने उभी असतात. सासूबाई म्हणतात, “दत्ताला चार लागतात, आपल्याला पाच झाली तर बिघडले कुठे?”

बिघडत काहीच नाही. पण पाच कुत्री म्हणजे पाचपट एक कुत्रे नव्हे, हे मात्र अनुभवाने कळते. एक कुत्रे तुमच्या तोंडाकडे पाहते. पाच असली की ती एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. एकाने कान टवकारला की बाकीची चार उठतात. एक भुंकला की कशासाठी हे न विचारता सगळा वाडा दणाणतो. दारात पाहुणा आला की पाचही जणांना पहिल्याने पुढे जायचे असते आणि उंबरा असतो एकच.

पूर्वी असे सांगत की कळपात एक नायक असतो, माणसाने तो नायक व्हावे आणि दरडावून राज्य करावे. या समजुतीचे मूळ लांडग्यांच्या निरीक्षणात होते. कोंडून ठेवलेल्या, एकमेकांना अनोळखी लांडग्यांवरून १९४७ साली एक निबंध निघाला. अमेरिकेतील लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी १९७० च्या आपल्या ग्रंथात ती कल्पना पुढे नेली. परंतु पुढे त्यांनीच रानातल्या लांडग्यांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला आणि १९९९ साली स्पष्ट लिहिले की, रानातला कळप म्हणजे बहुधा आई, बाप आणि त्यांची पोरे. तिथे नायकपदाची लढाई नसते, आईबापांचे वळण असते. आमच्या गंगीकडे पाहिले की हे पटते. ती कुणावर कधी धावून जात नाही. डॉली फार अंगावर आली तर ती नुसती मान फिरवते, आणि डॉली वरमते.

आणि खेळ! संध्याकाळी ऊन उतरले की अंगणात जो धुमाकूळ चालतो तो पाहायला चाचांची नातवंडे भिंतीवर चढून बसतात. पुढचे पाय जमिनीला टेकून, मागचा भाग वर करून मोत्या वाकतो. हे त्यांचे आमंत्रण. मार्क बेकॉफ या अभ्यासकाने १९९५ साली दाखवून दिले की, ही वाकण्याची खूण कुत्री केवळ सुरुवातीला करीत नाहीत. जोराचा चावा किंवा हिसका यांच्या आगेमागेही करतात. ‘हे रागाने नाही हो, खेळच आहे’ असे सांगण्याची ती रीत असावी. वाघ्या डॉलीच्या दसपट, पण खेळताना तो आपणहून उताणा पडतो आणि ती इवलीशी त्याच्या गळ्याला लोंबकळते. मग दोघे थांबतात, अंग झाडतात आणि पाळी बदलते. जिथे ही पाळी बदलत नाही, एकच पळतो आहे, त्याची शेपूट पोटाखाली गेली आहे आणि बाकीचे पाठीस लागले आहेत, तिथे खेळ संपला असे समजून आपण मध्ये पडावे. मी तेव्हा ओरडत नाही. एकेकाला नावाने बाजूला बोलावते. दोन मिनिटे श्वास खाली बसला की पुन्हा सोडते.

बाजूला बोलावणे मात्र आधी शिकवावे लागते, आणि ते पाचांना एकदम शिकवता येत नाही. मी प्रत्येकाला वेगळे घेतले. दाराआड, पाच-पाच मिनिटे, ज्वारीच्या भाकरीचे हरभऱ्याएवढे तुकडे हातात. नाव घेतले आणि त्याने माझ्याकडे पाहिले की त्याच क्षणी तुकडा. बक्षिसाला उशीर झाला तर ते कशासाठी मिळाले हे जनावराला कळत नाही. एकेक पक्के झाल्यावर दोन-दोन घेतली. इथे खरी गंमत आहे. ज्याचे नाव घेतले त्याला उठल्याचा तुकडा, आणि ज्याचे घेतले नाही त्याला बसून राहिल्याचा. थांबणे हेही काम आहे, त्याचीही मजुरी मिळते, हे कळले की भांडणाचे कारणच उरत नाही. मग तिघे, मग पाच. आज जेवणाच्या वेळी पाच खांबांशी पाच थाळ्या असतात आणि आपले नाव येईपर्यंत कुणी उठत नाही. मोत्याच्या तोंडाला पाणी सुटते, तो रडका आवाज काढतो, पण उठत नाही.

इतके सगळे नीट चालले असताना तीन वर्षांपूर्वीच्या माघात ती सकाळ उगवली.

आमच्या मळ्यापलीकडे मोकळे रान आहे. या जिल्ह्यातल्या शेतांतून काळविटांचे कळप हिंडतात. हरण्या तेव्हा दीड वर्षाचा होता. कारवानी कुत्रा नाकाने नव्हे, डोळ्याने शिकार करतो. दूरवर काही हलले की त्याला बाकी जग दिसेनासे होते. त्या दिवशी हरभऱ्याच्या कडेला पाच-सहा माद्या उभ्या होत्या. हरण्या सुटला. त्याच्यामागे मोत्या आणि वाघ्याही धावले, कारण एक धावला की सगळे धावतात. मामंजी “यू, यू” करून ओरडले, मामा “बा, बा” म्हणाले, चाचा कुंपणावरून “आजा रे, ठैर” म्हणून हाका मारू लागले, आणि मी नुसते नाव घेत राहिले. मोत्या नि वाघ्या दमून परतले. हरण्या परतला नाही. काळवीट ताशी ऐंशी किलोमीटरपर्यंत धावू शकते, तेव्हा सपाट रानात ती त्याच्या हाती लागणार नव्हतीच. पण एक मादी वळसा घेताना काटेरी तारेवर आदळली. उठली आणि लंगडत कळपामागे गेली. तारेला केस आणि रक्त लागलेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिले.

दुपारी हरण्या आला तो तळपाय फाटून. मामंजी ओसरीवर बसले होते. ते मोठ्याने बोलत नाहीत. त्यांनी इतकेच म्हटले, “सूनबाई, १९७२ पासून काळविटाला कायद्याचे संरक्षण आहे. कायदा नसता तरी माझ्या दारच्या कुत्र्याने गाभण जनावर मारलेले मला चालायचे नाही. पाडव्यापर्यंत पाहतो. तोवर हा हाकेला वळला तर ठीक, नाही तर साखळी. आणि साखळीत कुजवायचा नसेल तर दुसरे घर शोधा.”

त्यांचे काही चुकले नव्हते. धावण्यासाठीच घडलेले जनावर जन्मभर साखळीला बांधायचे, ही कल्पनाही मला सोसवेना. हातात जेमतेम दीड-दोन महिने होते.

त्या रात्री मी सगळा प्रसंग पुन्हा मनाशी उगाळला आणि एकदम एक गोष्ट ध्यानात आली. आपण मराठी माणसे कुत्र्याला जवळ बोलावताना ‘यू यू’ म्हणतो आणि अंगावर सोडताना ‘छू’ म्हणतो. दोन्हींचा शेवट एकच, लांब ‘ऊ’. शंभर पावलांवरून, वाऱ्यात, धावत्या कुत्र्याच्या कानी पहिले अक्षर पोहोचत असेल का? पोहोचतो तो ऊकार. आणि वाड्यातली पोरे तर मांजरावर, माकडांवर, एकमेकांवरसुद्धा दिवसभर ‘छू छू’ करून कुत्र्यांना चेव आणत. म्हणजे मामंजी ‘परत ये’ म्हणून ओरडत होते आणि हरण्याला कदाचित ‘धाव, आणखी धाव’ असे ऐकू येत होते! ‘ये’ हा शब्द तर आम्ही घासून गुळगुळीत केला होता. आंघोळीला ये, औषधाला ये, इकडे ये बघू काय केलेस ते. दहांतल्या सात वेळा ‘ये’ म्हणजे कुत्र्याच्या दृष्टीने संकटच.

कुत्र्याला भाषेचा कान नसतो असे मात्र समजू नये. बुडापेस्टच्या विद्यापीठात १८ कुत्र्यांना मेंदूचे चित्र घेणाऱ्या यंत्रात शांत पडून राहायला शिकवले आणि त्यांना एकच गोष्ट स्पॅनिश व हंगेरियन अशा दोन भाषांत ऐकवली. ओळखीची भाषा आणि अनोळखी भाषा यांना त्यांच्या मेंदूचा प्रतिसाद निराळा आला. हा निबंध २०२२ साली प्रसिद्ध झाला. शब्दांचे म्हणाल तर अमेरिकेतील चेसर नावाच्या कुत्रीने हजाराहून अधिक वस्तूंची नावे ओळखून दाखवली होती. तेव्हा दोष हरण्याच्या कानाचा नव्हता. दोष आमच्या तोंडाचा होता.

दुसऱ्या दिवशी मी घरात प्रस्ताव मांडला. एक शब्द निवडायचा. तो सगळ्यांनी, एकाच तऱ्हेने म्हणायचा. तो म्हटला की दर वेळी काहीतरी चांगले मिळालेच पाहिजे. रागावताना, न्हाऊ घालताना तो शब्द तोंडातून काढायचा नाही. आणि ‘छू’ हा शब्द आजपासून वाड्यात बंद. मामांचा ‘बा’ मला सर्वांत पसंत पडला. आखूड, तोंड उघडून म्हणता येणारा, ‘छू’शी कसलेही साम्य नसलेला, आणि मामा कुत्र्यांवर कधी चिडत नसल्याने त्या शब्दाला वाईट आठवणींचा डाग नव्हता. भाऊजी म्हणाले, “वहिनी, मराठी घरात कानडी हाक?” सासूबाईंनी माळ बाजूला ठेवली. “आपला विठोबा कानडा चालतो ना? मग हाकेला काय झाले?” प्रश्न मिटला.

विहिरीवरचा जुना नाडा मी शोधून काढला आणि छातीपट्टा शिवून त्याला बांधला. गळ्याला बांधला असता तर धावत्या जनावराच्या मानेला इजा झाली असती. पहिला आठवडा नुसता अंगणात. ‘बा’, आला, तुकडा. दुसरा आठवडा गल्लीत. तिसऱ्यात मी एक निराळी गोष्ट केली, आणि माझ्या मते सारे यश तिच्यात आहे. पाचही जण खेळाच्या ऐन रंगात असताना मी हरण्याला ‘बा’ म्हणून बोलावी, तुकडा देई आणि लगेच “जा, खेळ” म्हणून परत सोडी. दिवसातून दहा वेळा. हाक म्हणजे खेळ संपला, असे वाटले तर कोणते शहाणे मूल येईल? हाकेला गेले की खेळ परत मिळतो, हे एकदा अंगात भिनले की जनावर वळते. खेळ हा शिक्षणाचा शत्रू नव्हे. नीट वापरला तर भाकरीपेक्षा मोठे बक्षीस आहे.

यात नवे काही नाही, हे मला माहेरच्या आठवणीने कळले. संस्थानी काळात कोल्हापूरला चित्त्यांची शिकार प्रसिद्ध होती. डोळ्यांवर टोपी घातलेला चित्ता बैलगाडीतून माळावर नेत आणि काळवीट दिसले की सोडत. पण पकडलेली शिकार तो सोडणार कसा? चित्त्याच्या तोंडची शिकार ओढून घेण्याची छाती कुणाची? म्हणून चित्तेवान लाकडी पळीत रक्त घेऊन त्याच्या तोंडाशी धरी. चित्ता पळीकडे वळे आणि शिकार सुटे. हिसकायचे नाही, बदल्यात द्यायचे. माझ्या भाकरीच्या तुकड्यात आणि त्या पळीत तत्त्वाचा फरक काही नाही. फरक इतकाच की चित्तेवान काळविटे मारण्यासाठी शिकवीत आणि मी वाचवण्यासाठी.

चौथ्या आठवड्यात चाचांच्या शेळ्या समोर ठेवून सराव झाला. पाचव्यात दोनदा फजिती झाली. एकदा नाडा मामांच्या हातातून सुटता सुटता राहिला आणि त्यांचे तळवे सोलले. मला रडू आले. मामा मात्र म्हणाले, “अक्का, बैल शिकायला एक हंगाम लागतो. हे तर पोर आहे.”

पाडव्याच्या चार दिवस आधी मामंजी स्वतः मळ्यावर आले. ऊन कोवळे होते. रानात कळप होता, पण बराच लांब. हरण्याचे अंग ताठ झाले, कान मागे गेले आणि तो सुटला. नाडा जमिनीवरून सळसळत त्याच्यामागे जाऊ लागला. मी “बा” म्हटले. तो धावतच राहिला. पाच पावले, दहा पावले. मग त्याची मान वळली, पाठोपाठ धड वळले, आणि धुळीचे एक मोठे वर्तुळ काढून तो माझ्याकडे आला. नाड्याला ताण बसलाच नव्हता. पदरात बांधलेला सगळा खाऊ मी त्याच्यापुढे ओतला.

मामंजी काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “राहू दे घरी. पण नाडाही राहू दे.”

मला वाटते, या प्रकरणातला सर्वांत शहाणपणाचा निकाल तोच. शंभरात नव्व्याण्णव वेळा हरण्या आज वळतो. परंतु राहिलेली एक वेळ एखाद्या मादीच्या जिवाला पुरेल. म्हणून मळ्यावर त्याला नाडा असतोच; मोकळे धावणे कुंपणाच्या आत. शिकवल्याने स्वभाव पुसला जात नाही. त्याला वाट मिळते, आणि वाट राखण्याची जबाबदारी माणसाकडेच राहते. याच न्यायाने पाचांनाही दर वर्षी रेबीजची लस टोचली जाते, आणि मुलांना सांगून ठेवले आहे की, खेळता खेळता दात लागला तरी लपवायचे नाही. जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची आणि तडक दवाखाना गाठायचा. हळद-चुन्याचे लेप लावीत बसायचे नाही.

आता गंगीला ऐकू येत नाही. गेल्या पावसाळ्यापासून तिचे कान पूर्णच गेले. तरी ‘बा’ म्हटल्यावर तीही येते, सगळ्यांत शेवटी, सावकाश. मला प्रथम नवल वाटले. मग ध्यानात आले की ती बाकीच्या चौघांकडे पाहून उठते. तिने ज्यांना चावण्याची मर्यादा शिकवली, त्यांच्या उठण्यावरून ती आता हाक ऐकते. तिच्या वाटणीचा तुकडा मी शेवटपर्यंत मुठीत ठेवते आणि बाकीची चार तोवर बसून राहतात.

परवा पहाटे ओसरीवरून हलका आवाज आला. कुत्र्यांशी कधी चकार शब्द न बोलणारे मामंजी, हातात रात्रीची भाकरी घेऊन, इकडे तिकडे पाहत “बा” म्हणत होते. मी दाराआड थांबले. भाऊ विचारत होता ना, कानडी झालीस का म्हणून? त्याला कळव की झालो खरे, पण एका शब्दापुरते. आणि तो शब्द आमच्या घरात सगळ्यांनी राखला आहे.